पावसाआधी भायखळ्याला एक फेरी

दोस्तांनो, भायखळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येतं? राणीची बाग, हो ना? बागेत आपण जाणारच आहोत, काळजी नको. पण आज भायखळ्याची दुसरी बाजूही पाहायची आहे. त्यासाठी बरोबर एक वस्तू घ्या. जुनं, रिकामं, कॅनव्हासचं दप्तर!

दप्तर नसेल तर माळ्यावर शोधा. बाबांची कॉलेजातली खाकी पिशवी, मामाची गडावर न्यायची सॅक, नाहीतर आजोबा मिलमध्ये डबा न्यायचे ती जाडजूड थैली, काहीतरी सापडेलच. कापड सुती हवं. बोटानं पाण्याचा एक थेंब लावून बघा. थेंब लगेच आत मुरला आणि तिथं काळपट डाग पडला, तर ते आपल्या कामाचं. हल्लीच्या गुळगुळीत सॅक पॉलिएस्टरच्या असतात. त्यांचं औषध वेगळं, त्यांना आज घरीच राहू दे.

आता तुम्ही म्हणाल, रिकामं दप्तर घेऊन भायखळ्याला कशाला? तर पावसासाठी! मुंबईत पाऊस यायची नेहमीची तारीख 11 जून. पण पाऊस काही कॅलेंडर वाचत नाही. 2025 साली तो 26 मे रोजीच येऊन थडकला आणि छत्र्या माळ्यावरच राहिल्या. इकडे जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि नवी पुस्तकं दप्तरात जातात. नवी म्हणजे कित्येक घरांत जुनीच. वरच्या इयत्तेतल्या ताईकडून अर्ध्या किमतीत घ्यायची, वर्षभर जपून वापरायची आणि पुढच्या मेमध्ये खालच्या इयत्तेतल्या कुणाला तरी द्यायची. या साखळीत एक पुस्तक भिजलं की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पानं फुगतात, एकमेकांना चिकटतात, कव्हरचा रंग वहीवर उतरतो. मग ते पुस्तक पुढे कुणी घेत नाही, आणि घरात दोन-तीन भावंडं असली तर जूनमध्ये आईचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. म्हणून दप्तर कोरडं राहायला हवं.

चला तर, उतरा भायखळा स्टेशनला. उतरल्यावर घाईघाईनं पुलाकडे पळू नका, जरा मान वर करून बघा. हे साधंसुधं स्टेशन नाही. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी गेली ती इथूनच. त्या वेळी इथं लाकडी स्टेशन होतं. आत्ताची दगडी इमारत 1891 साली पुरी झाली. मध्यंतरी ती फार कळकट झाली होती. मग तिची जुन्या पद्धतीनं नीट दुरुस्ती झाली आणि 2022 साली त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

या रेल्वेनं खानदेश-वऱ्हाडातून मुंबईला कापूस आणला. मालगाडीच्या डब्याला मराठीत काय म्हणतात, ठाऊक आहे? वाघीण! इंग्रजी वॅगनची आपल्या लोकांनी चक्क वाघीण करून टाकली. उघड्या वाघिणीवर माल भरला की तो पावसापासून झाकायला जाड कापड पसरायचे आणि दोरानं आवळायचे. त्या कापडाच्या नावाचीही अशीच गंमत आहे. इंग्रजीत ते टारपॉलिन. टार म्हणजे डांबर. जुने खलाशी कापडाला डांबर फासून ते पाणी न शिरणारं करत, त्यावरून ते नाव पडलं. आपल्याकडे घरावर ताडाच्या पानांचे झाप घालायची पद्धत होती. टारपॉलिन कानावर पडल्यावर आपल्या मंडळींना ताडाचं पानच आठवलं असणार, कारण मराठीत त्याची झाली ताडपत्री! आता रेल्वेच्या खिडकीतून दिसणाऱ्या चाळींच्या छपरांवर मेअखेरीस निळं प्लॅस्टिक पसरलेलं असतं. त्यालाही लोक ताडपत्रीच म्हणतात. त्यात ना ताड, ना डांबर, पण नाव टिकून आहे.

स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलं की थोड्या वेळात आपण मदनपुऱ्यात शिरतो. गल्ल्या अरुंद. हातगाड्या, स्कूटर, डोक्यावर गठ्ठे घेतलेली माणसं. दप्तर पोटाशी धरा आणि मोठ्यांचा हात सोडू नका. एकोणिसाव्या शतकात उत्तर प्रदेशातून आलेले विणकर इथं वसले. हातमाग आणि मग यंत्रमाग घरोघर खडखडायचे. आसपास कापडगिरण्याही होत्या. भायखळ्याची खटाव मिल तर 1870च्या दशकातली. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक भोंगा गप्प होत गेला. तुमच्यापैकी कुणाकुणाचे आजोबा-पणजोबा त्या गिरण्यांत असतील. त्यांना विचारा, भोंगा किती वाजता व्हायचा. ते न अडखळता सांगतील.

आता मदनपुऱ्यात शिलाई मशिनांचा आवाज येतो. लहान लहान खोल्यांत बॅगा शिवल्या जातात. ऑफिसच्या, प्रवासाच्या, आणि मेमध्ये मुख्यतः शाळेच्या. बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर खाली बसून कापतात, शिवतात, चेन बसवतात. शाळा उघडायच्या आधीचे हे दिवस त्यांच्या हंगामाचे. त्यात जे काम मिळतं त्यावर पुढचे सुने महिने काढायचे असतात. तुमच्या वर्गातल्या चाळीस दप्तरांपैकी काही इथूनच आली असतील, तुम्हाला माहीतही नसेल!

अशाच एका गल्लीच्या तोंडाशी बॅगा दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. त्यांच्यापुढे ढीग असतो तो तुटके पट्टे, निघालेले रनर, वाकडी बक्कलं यांचा. मी माझी जुनी खाकी थैली त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांनी ती आधी उलटी केली. अस्तर पाहिलं, कोपरे चिमटीत धरून ताणले, शिवणीवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "कपडा अभी जिंदा है. सिलाई थक गयी है." मला हे वाक्य फार आवडलं. कापड जिवंत आहे, शिवण तेवढी दमली आहे! त्यांनी तळाला दुहेरी शिलाई मारली, तीही सुती दोऱ्यानं. मी विचारलं, नायलॉनचा दोरा जास्त पक्का नाही का? ते म्हणाले, पक्का असतो, पण सुईनं पाडलेलं भोक तो भरत नाही. सुती दोरा पाण्यात फुगतो आणि भोक भरून टाकतो.

हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे पुन्हा लागणार आहे. बॅगेत पाणी शिरतं ते बहुतेक वेळा कापडाच्या मधून नाही, शिवणीच्या भोकांतून. कितीही भारी रेनकोट घ्या, खांद्याची शिवण तपासूनच घ्या.

इथून जवळच मुंबई अग्निशमन दलाचं मुख्यालय आहे. लाल बंब रांगेनं उभे असतात. रस्त्यावरूनच बघायचे बरं का, त्यांची वाट अडवायची नाही. बंबाचे पाण्याचे पाइप पूर्वी कशाचे असत, सांगा पाहू? कापडाचे! रबराचं अस्तरही नसे. लिननच्या धाग्याची घट्ट विणलेली लांबच लांब नळी, बस. मग पाणी गळत कसं नसे? चाचांनी सांगितलं तेच. पाणी सुटलं की धागे भिजून फुगतात, एकमेकांत घट्ट बसतात आणि मधल्या फटी बंद होतात. थोडं पाणी पाझरायचं, पण तेही फायद्याचं. नळी बाहेरून ओली राहायची, त्यामुळे उडून आलेल्या ठिणगीनं ती जळायची नाही.

14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाच्या बोटीला आग लागली. बोटीवर कापसाच्या गासड्या आणि स्फोटकं, दोन्ही भरलेली होती. दुपारी चारच्या सुमारास पहिला प्रचंड स्फोट झाला. आग विझवायला गेलेले 66 जवान त्या दिवशी परत आले नाहीत. म्हणून 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. या आगीची आठवण आणखी एका कारणासाठी ठेवायची आहे. आज आपण घरी जे काम करणार आहोत त्यात मेण आहे, उष्णता आहे आणि कापड आहे. तिन्ही गोष्टी जपून हाताळायच्या.

म्हणजे कापडातून पाणी अडवायची एक रीत झाली धागा फुगवायची. पण ती दप्तराला चालायची नाही, कारण धागा फुगायला आधी भिजावा लागतो. दुसरी रीत म्हणजे धाग्याला पाणी शिवूच द्यायचं नाही. ती पाहायला आता स्टेशन ओलांडून पूर्वेला चला.

ही राणीची बाग! 19 नोव्हेंबर 1862 रोजी ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव व्हिक्टोरिया गार्डन्स होतं. आता ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण रिक्षावाल्यापासून आजीपर्यंत सगळे राणीची बागच म्हणतात. (बुधवारी बंद असते. दारापर्यंत जाऊन परत आलेली किती पोरं मी पाहिली आहेत!) शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. 1872 साली ते लोकांसाठी उघडलं. तिथं जुन्या मुंबईतली माणसं, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे मातीच्या छोट्या प्रतिकृतींतून दाखवले आहेत. बोटींचे नमुनेही आहेत. तास-दीड तास सहज जाईल.

पण आपल्याला आधी पेंग्विनकडे जायचंय. हे हम्बोल्ट पेंग्विन. मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिले देशांच्या किनाऱ्यावरचे. 2016 साली ते मुंबईत आले आणि 2017च्या मार्चपासून लोकांना पाहायला मिळाले. काचेपाशी गर्दी असते आणि सगळे ओरडत असतात, "तो बघ पोहतोय, तो बघ!" तुम्ही मात्र पोहणाऱ्याकडे पाहू नका. काठावर उभ्या असलेल्याकडे पाहा. तो मान वळवून चोच शेपटीच्या मुळाशी नेतो, मग पोटावर, पंखांवर, पाठीवर फिरवतो. पुन्हा शेपटीकडे, पुन्हा पोटावर. त्याला काही खाजत नाहीय! शेपटीच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते. तिथलं मेणचट तेल चोचीनं घेऊन तो पिसांना लावत असतो. पिसांची रचना मुळातच फार दाट असते. त्यावर हे तेल, म्हणजे पाणी कातडीपर्यंत पोहोचतच नाही. हे काम त्याला रोज करावं लागतं. एक दिवस लावलं आणि झालं, असं नाही.

वर्षातून एकदा त्याची सगळी पिसं एकदम झडतात आणि नवी येतात. त्या दोन-तीन आठवड्यांत मूळ घरचा, समुद्रावरचा पेंग्विन पाण्यात उतरतच नाही. उतरला तर गारठेल. पाण्यात उतरता येत नाही म्हणून मासे नाहीत, म्हणून उपास! काठावर फुगून, विस्कटून, रुसल्यासारखा उभा राहतो बिचारा. तुमचं माळ्यावरचं दप्तर सध्या त्याच अवस्थेत आहे, असं समजा.

दुसरा दाखला भाजीवाल्याकडे मिळेल. परतताना भायखळ्याच्या मंडईत अळूची एक जुडी घ्या. अळवावरचं पाणी, असं आपण म्हणतो ना? पानावर पाणी टाका. थेंब मोत्यासारखा गोल होऊन घरंगळतो, पान कोरडंच. पानाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे बारीक कण. थेंब त्या टोकांवर तरंगत राहतो. कमळाच्या पानाचंही हेच गुपित. विल्हेल्म बार्थलॉट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं 1997 साली ते सविस्तर मांडलं. आता एक प्रयोग करा. पानाचा एक कोपरा कापडानं जरा जोरात घासा आणि तिथं पाणी टाका. थेंब पसरेल! घासल्यानं मेण गेलं, उंचवटे मोडले. (हात लगेच धुवा, नाहीतर खाज सुटेल. आणि उरलेल्या पानांच्या वड्या करायला आईला सांगायला विसरू नका.)

दप्तराचंही असंच होतं. पहिल्यांदा मेण कुठलं जातं? तळाचे कोपरे, झाकणाची घडी, मांडीवर घासणारी बाजू. जिथं घासतं तिथं.

आपल्याकडे पावसाशी सामना करायच्या रीती काही कमी नव्हत्या. कोकणातला शेतकरी भातलावणीला वाकला की पाठीवर इरलं घ्यायचा. बांबूचा सांगाडा आणि त्यावर पानं. धनगराच्या खांद्यावर घोंगडं असतं. मेंढीच्या लोकरीत मुळातच एक मेणचट स्निग्धांश असतो, त्यामुळे भुरभुर पाऊस त्यावरून ओघळून जातो. तिकडे इंग्लंड-स्कॉटलंडचे खलाशी काय करत? शिडाच्या जुन्या कापडाचे अंगरखे शिवत आणि ते जवसाच्या तेलात भिजवत. तेलानं ते पिवळे पडत. चित्रातल्या कोळ्याचा रेनकोट पिवळा का असतो, त्याचं कारण हे! पुढे तेलाच्या जागी मेण आलं. आणि गंमत बघा, जवस म्हणजे आपण चटणीत खातो तेच. त्याच्या बियांचं तेल खलाशाच्या अंगरख्याला, आणि त्याच्याच खोडाच्या धाग्याचं लिनन आगीच्या बंबाच्या नळीला!

बरं, आता घरी चला. काम सोपं आहे, पण घरातलं मोठं माणूस शेजारी हवंच. मेण वितळवायचं काम त्यांचं, घासायचं तुमचं.

आधी दप्तर रिकामं करा. अगदी रिकामं, कोपऱ्यातली पेन्सिलची टोकंसुद्धा काढा. मग कोरड्या ब्रशनं धूळ झाडा आणि गार पाण्यानं घासून धुवा. साबण नको. साबणाचं कामच मुळी तेलमेण आणि पाणी यांची मैत्री जुळवायचं. तो कापडात राहिला तर मेण लावूनही पाणी आत जाईल. मग दोन दिवस उन्हात वाळवा. मुंबईच्या मेमध्ये कापड वरून कोरडं लागतं पण शिवणीत दमट असतं. ओल आत ठेवून मेण लावलं तर ती कोंडते आणि बुरशी धरते. ते दप्तर मग जुलैत असा वास सोडेल की शेजारचा बाक बदलून मागेल!

मेण दोन प्रकारचं घ्या. एक पॅराफिन, म्हणजे साधी पांढरी मेणबत्ती. ते खनिज तेलापासून मिळतं. पाणी छान अडवतं, पण ठिसूळ. नुसतं तेच लावलं तर घडीवर पांढऱ्या रेघा पडतात आणि चुरा गळतो. दुसरं मधमाशांचं मेण. ते चिवट आणि मऊ. कामकरी माशा ते पोटाखालच्या ग्रंथींतून तयार करतात. आपल्या महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी माशा पेट्यांत पाळतात. तिथल्या मांघर गावाला 2022 साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून मान मिळाला. खादी-ग्रामोद्योगाच्या दुकानात किंवा मध विकणाऱ्याकडे मेणाची विचारणा करा. दोन्ही मेणं निम्मी-निम्मी घेतली की काम झालं. मध्यम दप्तराला 50-60 ग्रॅम पुरे.

एका पातेल्यात पाणी तापत ठेवा. पाण्यात कोरडा पत्र्याचा डबा आणि डब्यात मेण. थेट गॅसवर मेण कधीच ठेवायचं नाही. का ते समजून घ्या. मधमाशांचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, मेणबत्तीचं त्याच्याच आसपास. पाणी 100 अंशांवर जात नाही, त्यामुळे पाण्यातलं मेणही त्यापुढे तापत नाही. थेट आचेवर मात्र ते तापतच जातं आणि साधारण 200 अंशांच्या पुढे त्याची वाफ पेट घेऊ शकते. समजा पेटलंच, तर पाणी अजिबात टाकायचं नाही! पाणी जड, ते मेणाच्या तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे 1700 पट जागा लागते, म्हणून ती जळतं मेण छतापर्यंत उडवते. गॅस बंद करायचा, जमेल तर वरून घट्ट झाकण ठेवायचं, दूर व्हायचं आणि 101 नंबर फिरवायचा. हा फोन मघाशी पाहिलेल्या लाल बंबांपर्यंत जातो.

काही जण मेणात जवसाचं तेल घालतात. त्यानं मेण मऊ होतं, हे खरं. पण तुम्ही घालू नका. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं. त्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली, तर उष्णता आतच साठते आणि कुणी काडी न लावता ती पेटू शकते. सुतारकाम, रंगकाम करणाऱ्यांना हे माहीत असतं. ते अशा चिंध्या पसरून वाळवतात.

वितळलेलं मेण छोट्या वाटीत ओतून गार होऊ द्या. साबणाच्या वडीसारखी वडी तयार होते. आता तुमची पाळी! वडी दप्तरावर घासायची. खडूनं फळा रंगवावा तशी, सगळीकडून, शिवणींवर दोनदा. आधी तळाच्या एखाद्या कोपऱ्यावर करून बघा, कारण मेणानं कापडाचा रंग गडद होतो. दप्तर पांढरट, ओरखडे पडल्यासारखं दिसेल. घाबरू नका. आता मोठ्या माणसानं केस वाळवायचं यंत्र त्यावर फिरवायचं. मेण वितळून धाग्यांत शिरताना दिसतं. पांढरे ओरखडे डोळ्यांदेखत नाहीसे होतात आणि कापड ओल्यासारखं गडद होतं. मला या सगळ्या कामात ही दोन मिनिटं सर्वांत आवडतात. यंत्र नसेल तर वर जुनं सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा. नुसती इस्त्री लावलीत तर तिच्या तळाला मेण लागेल, आणि दुसऱ्या दिवशी बाबांच्या शर्टावर त्याचा नकाशा उमटेल!

नकाशावरून आठवलं, शाळेचा गणवेश पांढरा असेल तर दप्तराची पाठीकडची बाजू आणि पट्टे मेणाशिवायच ठेवा. उन्हात मेण मऊ होतं आणि पाठीवर लागतं. पाठीकडे तसाही पाऊस कमी लागतो.

मग दप्तर एक दिवस सावलीत टांगून ठेवा आणि त्यानंतर चमचाभर पाणी ओता. थेंब गोल झाले, घरंगळले, तर जमलं. एखाद्या ठिकाणी मुरलं, तर तिथं पुन्हा वडी फिरवा. एवढं मात्र लक्षात असू द्या, हे दप्तर म्हणजे होडी नव्हे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. (त्याच दिवशी कुलाब्याला पडला फक्त 73! मुंबईचा पाऊस हा असा.) तसल्या पावसापुढे मेण काय आणि ताडपत्री काय! पण घरापासून बसथांब्यापर्यंत आणि तिथून शाळेपर्यंत पुस्तकं कोरडी राहतील, एवढं नक्की. भूगोलाचं पुस्तक पाठीकडून जरा दूर, मधल्या कप्प्यात ठेवलंत तर उत्तमच.

आईबाबांसाठीही दोन शब्द. दुकानात पाणी अडवणारे फवारे मिळतात. त्यांतल्या काहींत फ्लोरिनयुक्त रसायनं असतात आणि ती निसर्गात वर्षानुवर्षं विघटन न होता राहतात. खरेदी करताना डब्यावरचा मजकूर वाचा. मेण मात्र दरवर्षी पुन्हा लावावं लागतं, आणि त्यात पोरांची एक दुपार छान जाते.

पावसाळाभर दप्तर घरी आलं की ओल्या फडक्यानं पुसा आणि उघडं करून टांगा. गणपतीच्या सुमारास पुन्हा पाण्याच्या थेंबानं तपासा. कोपऱ्यांवर मेण कमी झालेलं असेल. वाटीतली उरलेली वडी म्हणूनच टाकून द्यायची नाही. जुन्या डब्यात घालून, वर चिठ्ठी चिकटवून ठेवा. 'मेण, दप्तराचं. खायचं नाही.' घरात धाकटं भावंडं असेल तर ही चिठ्ठी जरा मोठ्या अक्षरात लिहा.